ऑप्टोमेट्रिस्टने डोळ्यांची औषधं लिहावीत का? (धागा जरा लांबलाय)

निळीशाई

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी, पण डॉक्टर नसलेली. त्याची पदवी, बी.ऑप्टम, पुण्यात केलं, इकडे आल्यावर नोंदणीसाठी पुन्हा परीक्षा दिल्या आणि आता स्कॉटलंडच्या उत्तरेला एका लहान गावात काम करते. डोळ्यांचं मोठं इस्पितळ इनव्हर्नेसला, आमच्यापासून गाडीने दोन तास. डोळा लाल झाला, दुखायला लागला, काही गेलं, की गावातली माणसं आधी आमच्याकडे येतात. २००६ पासून इथे डोळ्यांची तपासणी सगळ्यांना सरकारी खर्चाने मोफत आहे, त्यामुळे लोकांना तशी सवयच लागली आहे.

गेल्या जुलैत माहेरी, वाळव्याला गेले होते. मामा उसाचा पाला काढायला गेला तो एक डोळा मिटून, हाताने झाकूनच घरी आला. पान लागलं होतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्याने भाच्याला पिटाळून मेडिकलमधून ड्रॉप आणवलेसुद्धा. बाटली हातात घेऊन वाचली तर अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. उसाच्या पानाने खरचटलेल्या बुबुळात स्टेरॉइड. मी बाटली काढून घेतली, त्याला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मामी म्हणाली, "अगं तू डोळ्यांचीच ना? मग तूच दे की काहीतरी."

स्कॉटलंडमध्ये माझ्या सहीवर औषधाच्या दुकानातून औषध मिळतं. भारतात माझ्या सख्ख्या मामाला मी एक थेंब लिहून देऊ शकत नाही. कायद्याने ते बरोबरच आहे, माझी तिथे तशी नोंदणी नाही. पण त्याच संध्याकाळी ज्याने डोळा बघितलाही नाही त्याने स्टेरॉइड दिलं होतं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

इकडे ब्रिटनमध्ये ऑप्टोमेट्रिस्टला औषध लिहिण्याचा अधिकार कसा मिळतो ते सांगते. पदवीबरोबर सगळं मिळत नाही. नंबर काढणं, पडदा बघणं ही कामं आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांसारखी काही मोजकी औषधं साध्या नोंदणीवर चालतात. पण काचबिंदूचे थेंब, विषाणूवरचं औषध, स्टेरॉइड स्वतःच्या जबाबदारीवर लिहायची तर वेगळी पात्रता लागते. ब्रिटनमध्ये २००५ मध्ये आधी डॉक्टरांनी ठरवलेल्या आराखड्यात राहून लिहायची मुभा मिळाली आणि २००८ मध्ये स्वतंत्रपणे लिहायची. तरीही इंजेक्शनं नाहीत आणि नशेच्या यादीतली औषधं नाहीत. डोळ्यांपुरतं आणि आपल्याला जेवढं येतं तेवढ्यापुरतंच.

मी केला तेव्हाचा अभ्यासक्रम असा होता: आधी दोन वर्षं प्रत्यक्ष काम, मग विद्यापीठात औषधशास्त्राचे विषय (मी नोकरी सांभाळून केले, मुलगी तेव्हा दीड वर्षाची), मग डोळ्यांच्या इस्पितळात एका नेत्रतज्ज्ञाच्या हाताखाली चोवीस सत्रं, प्रत्येक पेशंटची वहीत नोंद, आणि शेवटी एक परीक्षा. आता रचना बदलली आहे, इस्पितळाचे तास वगैरे वेगळ्या पद्धतीने मोजतात, पण कोणाच्या तरी नजरेखाली खरे पेशंट बघायचे हा गाभा तोच.

त्या चोवीस सत्रांबद्दल थोडं लिहायचंय, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. पुस्तकातून औषधांची नावं मला पाठ होती. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला बुबुळामागे सूज आलेला, म्हणजे युव्हाइटिसचा पेशंट आला. मी धडाधड सांगितलं: प्रेडनिसोलोन एक टक्का, सुरुवातीला दर तासाला, सोबत बाहुली सैल ठेवणारा थेंब. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "परत कधी बोलावणार?" मी म्हटलं, आठवड्याने. "आठवड्याने काय बघणार? कमी झालं नसेल तर काय करणार? झालं असेल तर थेंब किती दिवसांत उतरवणार? दाब वाढलेला दिसला तर?" मला चारातल्या एकाचं धड उत्तर देता आलं. त्यानंतर चोवीसही सत्रं त्यांनी औषधाचं नाव कधीच आधी विचारलं नाही. आधी विचारायचे, परत कधी बोलावणार.

आज माझ्या खोलीत लाल डोळ्याचा पेशंट बसतो तेव्हा मी पण तिथूनच उलटं मागे येते. पात्रता मिळाल्यावर महिन्याभरात एक मासेमारी करणारे आजोबा आले. डोळा चार दिवस लाल, पाणी येतंय, फारसं दुखत नाही. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब ते घालत होते. फ्लुरोसीनची, म्हणजे जखम हिरवी दाखवणाऱ्या रंगाची, पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली, स्लिट लॅम्पचा (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा) निळा प्रकाश लावला, आणि बुबुळावर हिरवीगार फांदी उजळली. बारीक, दोन-तीन ठिकाणी फाटे फुटलेली, टोकांना गाठी. हर्पीस या विषाणूचा व्रण. हे चित्र पुस्तकात शंभरदा बघितलेलं असतं, पण समोर जिवंत माणसाच्या डोळ्यात दिसतं तेव्हा पोटात गोळा येतो. बायकोचे थेंब स्टेरॉइडचे होते. हर्पीसवर स्टेरॉइड एकटं घातलं की ती फांदी पसरून नकाशासारखी होते. त्यांना लगेच गॅनसायक्लोव्हिरचं जेल लिहून दिलं, दिवसातून पाच वेळा, व्रण भरेपर्यंत आणि मग आठवडाभर तीन वेळा. इनव्हर्नेसला फोन करून सांगून ठेवलं. तिसऱ्या दिवशी बोलावलं, मग सातव्या, मग चौदाव्या. डोळा वाचला.

ही पात्रता माझ्याकडे नसती तर त्यांना चार तासांचा जाऊन-येऊन प्रवास झाला असता, किंवा त्यांचा स्वभाव बघता ते गेलेच नसते.

आता प्रश्न. आपल्याकडे असं प्रशिक्षण असावं का? असलं तर कोणाला, किती औषधांपुरतं, कोणाच्या देखरेखीखाली? इथे डॉक्टर मंडळी आहेत, बाहेरच्या देशांतले ऑप्टोमेट्रिस्टही असतील. मोकळेपणाने लिहा, विरोधातलं पण.

---

कृष्णाकाठ

ताई, मामांचा डोळा कसा आहे ते सांगा आधी.

आमच्याकडे तोडणीच्या हंगामात दर आठवड्याला एक तरी असा असतो. टोळीतल्या बायका तर दवाखान्यात जातच नाहीत, खाडा झाला की पैसे कापतात. फडातच कोणीतरी जिभेच्या टोकाने कण काढून देतं, मध घालतात. मग फूल पडतं. आमच्या गावात सत्तरीच्या आतली चार माणसं आहेत अशी, एक डोळा पांढरा.

---

निळीशाई

कृष्णाकाठ, मामा ठीक आहे. वरवर खरचटलं होतं, डॉक्टरांनी मलम दिलं, तिसऱ्या दिवशी भरलं. नशीब.

---

उंबरठा

मी नेत्रतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी वीस वर्षं झाली. धागा प्रामाणिक आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे लिहितो. माझा विरोध आहे. हक्कासाठी भांडतोय असं कृपया समजू नका.

तुम्ही हर्पीसची फांदी लिहिलीत. आमच्याकडे उसाच्या पानाने, भाताच्या कुसळाने, गाईच्या शेपटीने जो व्रण होतो तो बऱ्याचदा बुरशीचा असतो. दक्षिण भारतात झालेल्या अभ्यासांत बुबुळाच्या जंतुसंसर्गाच्या जखमांपैकी जवळपास निम्म्या बुरशीच्या निघाल्या आहेत. तुमच्या स्कॉटलंडमध्ये तशी जखम तुम्हाला क्वचितच दिसली असेल. ती सुरुवातीला फसवते. दुखणं कमी, कडा धुरकट, पिसासारख्या. अँटिबायोटिक थेंबाला दाद देत नाही. आणि स्टेरॉइड पडलं की दोन दिवस डोळा पांढरा होतो, पेशंट खूश, आत बुरशी मोकाट.

गेल्या हंगामात एक चाळिशीची बाई आली. अठरा दिवस अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे कॉम्बिनेशन थेंब घालत होती. लाली गेली म्हणून थेंब थांबवले की दुखायचं, म्हणून पुन्हा घालायची. मी खरवडून काचेवर घेतलं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. दहा मिनिटांत बुरशीचे धागे दिसले, फाटे फुटलेले, मध्ये पडदे असलेले. नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध दर तासाला, रात्रीसुद्धा, सुरू केलं. पाचव्या दिवशी बुबुळाला भोक पडलं. डोळा राहिला, नजर गेली.

ते थेंब तिला कोणी दिले असं वाटतं? गावात "नेत्र तपासणी केंद्र" अशी पाटी लावलेल्या चष्म्याच्या दुकानातून. तो मुलगा स्वतःला ऑप्टोमेट्रिस्ट म्हणवतो, सहा महिन्यांचा कोर्स केलाय. आपल्याकडे चार वर्षांचा बी.ऑप्टम केलेला आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेला, दोघांच्या दारावर एकच पाटी. आरोग्यसेवेतल्या अशा व्यावसायिकांसाठीचा २०२१ चा कायदा येईपर्यंत देशपातळीवर यांची नोंद ठेवणारी एक परिषदसुद्धा नव्हती. अशा परिस्थितीत तुम्ही म्हणता तसा अधिकार दिला, तर तुमच्यासारख्या एकीच्या आडून असे दहा जण पेन उचलतील.

मी एमबीबीएस आणि नंतर तीन वर्षं एमएस केलं. त्यातही पहिला बुरशीचा व्रण मी एकट्याने चुकवला होता. हे विसरता येत नाही.

---

मंजिरी_ल

उंबरठा डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करतेय. आमचं घर लातूरला. मुलाला सहाव्या वर्षापासून उन्हाळा आला की डोळ्यांना खाज, इतकी की तो मनगटाने चोळून चोळून पापण्या सुजवायचा. चिकट दोऱ्यासारखा चिकचिकाट. एकदा डॉक्टरांनी एक ड्रॉप दिला, दोन दिवसांत जादू झाली. चिठ्ठीवर दहा दिवसच लिहिले होते. पण पुढच्या वेळी खाज सुरू झाली की आम्ही रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये जायचो, "हाच द्या". स्वस्त, आणि गुण येतो. दोन वर्षं. मीच घालायचे त्याच्या डोळ्यात, मांडीवर डोकं घेऊन.

चौथीत असताना त्याला फळा नीट दिसेना. चष्मा लागला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलीने नंबर काढला, मग थांबली, म्हणाली नंबराने भागत नाहीये, मोठ्या दवाखान्यात जा, दाब तपासून घ्या. नुसतं एवढंच म्हणाली. दाब ३८ निघाला. काचबिंदू, स्टेरॉइडमुळे. एका डोळ्याच्या नसेचं नुकसान कायमचं झालंय.

त्या मुलीला औषध लिहायचा अधिकार नव्हता. पण तिने ओळखलं. माझा प्रश्न एवढाच आहे की दोन वर्षांत आम्हाला कोणीच का नाही सांगितलं, की हे थेंब घालताना दाब बघावा लागतो?

---

निळीशाई

मंजिरी, वाचून खूप वेळ नुसती बसले. तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर कृपया देऊ नका. खाजेने तळमळणारं मूल मांडीवर असताना कोणतीही आई हेच करील.

दाबाचं सांगते, बाकीच्यांसाठीही. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे सलग घातले तर शंभरातल्या तीसएक जणांचा दाब थोडाफार वाढतो आणि पाच-सहा जणांचा खूप. कोणाचा वाढेल हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, मोजल्याशिवाय कळत नाही. मुलांचा लवकर आणि जास्त वाढू शकतो. आणि तो वाढताना दुखत नाही, दिसणंही लगेच कमी होत नाही. माझ्याकडे स्टेरॉइडवरचा पेशंट दाब न मोजता खोलीबाहेर जात नाही.

तुमच्या मुलाला जे आहे त्याला खाज थांबवणारे, स्टेरॉइड नसलेले थेंबही असतात, ओलोपॅटाडिनसारखे. स्टेरॉइड लागतंच कधी कधी, पण ते थोडे दिवस, मोजून, उतरवत. तुम्हाला आता डॉक्टर आहेत, त्यांना सगळं विचारा.

उंबरठा सर, तुमच्याशी मी वाद घालूच शकत नाही, कारण माझ्या मामाच्या बाबतीत मला हीच भीती वाटली होती. बुरशीचा व्रण मी इथे सात वर्षांत दोनदा पाहिला, दोन्ही कॉन्टॅक्ट लेन्सवाले, दोन्ही वेळा खरवडायच्या आत इस्पितळात पाठवले. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्याला पेन द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक विचारू? त्या बाईला ते थेंब कोणत्याही अधिकाराशिवायच मिळाले ना?

---

मेडिकलवाला_नगर

माझं दुकान आहे, नगर जिल्ह्यात. खरं सांगायचं तर मंजिरीताईंसारखे रोज चार जण रिकामी बाटली घेऊन येतात. शेड्यूल एच आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे मला माहीत आहे. नाही म्हटलं की समोरच्या दुकानात जातो आणि महिन्याचं किराणासारखं गिऱ्हाईक जातं. मी स्टेरॉइडचे डोळ्यांचे थेंब चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडून डोळे येण्याची साथ पसरली तेव्हा लोक डझनाने मागत होते, तेव्हाच ठरवलं. नुकसान होतं, पण झोप लागते.

निळीशाई ताई म्हणतात तसा कोणी शिकलेला माणूस गावात असता आणि त्याने चिठ्ठी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. निदान कोणीतरी डोळा बघितलाय हे तरी कळलं असतं.

---

घाटवळण

मेलबर्नहून. मी पण ऑप्टोमेट्रिस्ट. इकडची हकीकत थोडक्यात.

व्हिक्टोरिया राज्याने १९९६ मध्ये औषधांचा कायदा केला, ऑस्ट्रेलियात पहिला. तेव्हा पास झालेल्यांना परत कॉलेजात जाऊन शिकावं लागलं. २०१० मध्ये सगळ्या देशाची नोंदणी एक झाली आणि डिसेंबर २०१४ पासून नव्याने नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाकडे औषधांची पात्रता असलीच पाहिजे असा नियम आला. म्हणजे मी शिकलो तेव्हा हा वेगळा कोर्स राहिलाच नव्हता, तो पदवीतच मुरला होता. हा फरक मला मोठा वाटतो. पहिल्या वर्षापासून रोगाकडे औषधासकट बघायची सवय लागते.

भांडणं इकडेही झाली. काचबिंदूचं औषध ऑप्टोमेट्रिस्टने स्वतःहून सुरू करावं की नाही यावर २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या, तर डॉक्टरांच्या संघटना कोर्टात गेल्या. शेवटी सूचनांची भाषा दुरुस्त करून मिटलं.

काचबिंदूचं एक सांगतो. टिमोलोलचे थेंब दिसायला पाण्यासारखे. पण थेंब नाकाच्या नळीतून रक्तात जातो आणि दम्याच्या माणसाचा श्वास कोंडू शकतो, हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. म्हणून आमच्या सरांनी एक सवय लावली: काचबिंदूचा पेशंट खुर्चीत बसला की आधी जिना चढल्यावर धाप लागते का, इनहेलर वापरता का, नाडी किती. आणि थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायला शिकवायचं, म्हणजे औषध डोळ्यातच राहतं. हे मी माझ्या बाबांना, जे पुण्यात गेली सहा वर्षं काचबिंदूचे थेंब घालतात, फोनवर शिकवलं. त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं.

---

जर्सीकाठ

अमेरिकेत तर हे फार आधी सुरू झालं. १९७१ मध्ये ऱ्होड आयलंडने तपासणीपुरते थेंब वापरू दिले, १९७६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने उपचाराची औषधं. मग एकेका राज्यात विधिमंडळातली लढाई. मॅसॅच्युसेट्समध्ये काचबिंदूच्या औषधांची परवानगी यायला २०२१ उजाडलं! उलट ओक्लाहोमात १९९८ पासून लेसरसुद्धा. एकाच देशात इतका फरक. माझी मुलगी यंदा ऑप्टोमेट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला हा धागा वाचून दाखवला.

---

तिठा

निवृत्त आहे, आरोग्य खात्यात ग्रामीण भागात काम केलं. अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चा, त्यातून नेत्रसहायक आले, ग्रामीण रुग्णालयात बसले. मोतीबिंदू हुडकणं, चष्मे, शाळा तपासणी ही कामं त्यांनी जीव तोडून केली. आणि मोतीबिंदूवर सगळं लक्ष असणं बरोबरही होतं. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचाच निघाला. पण पन्नाशीच्या आतल्या माणसांत बुबुळावर फूल पडणं हे सर्वांत मोठं कारण आहे. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या त्या चार माणसांचंही कारण हेच.

नेपाळच्या भक्तपूरचा एक अभ्यास मला कायम आठवतो. गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवलं: डोळ्याला लागलं की फ्लुरोसीनच्या पट्टीने बुबुळ बघायचं, खरचटलेलं दिसलं तर क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. एकूण ४४२ जणांना असं मलम मिळालं, त्यातल्या ९६ टक्क्यांचे डोळे विनासंसर्ग भरले. अठरा तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. एक ते दोन दिवस उशिरा आलेल्या ५० पैकी १४ जणांना झाला. साधं मलम, पण वेळेत. आणि त्यात स्टेरॉइड नव्हतं.

---

उंबरठा

तिठा साहेब, भक्तपूर मला माहीत आहे आणि मी तो विद्यार्थ्यांना शिकवतो. पण पूर्ण चित्र सांगायला हवं. नंतर नेपाळमध्येच काही गावांत ही योजना राबवून आणि काहींत न राबवून मोठी तुलना केली, तेव्हा व्रणांच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. कारण कार्यकर्ता असूनही लोक त्याच्याकडे पोचतीलच असं नाही. म्हणजे मलम काम करतं, पण माणूस वेळेत यायला हवा. ते प्रशिक्षणाने सुटत नाही, भरवशाने सुटतं. आणि भरवसा बसायला तो माणूस गावात दहा वर्षं बसलेला लागतो.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, त्या बाईला कोणत्याही अधिकाराशिवाय थेंब मिळाले. हे मला काल रात्री वाचल्यापासून बोचतंय. मी वीस वर्षं "यांना देऊ नका" म्हणत आलो, पण ज्यांना दिलेलं नाही तेच देतायत, आणि शिकलेली मुलगी मात्र मंजिरीताईंच्या मुलाकडे बघून "मोठ्या दवाखान्यात जा" एवढंच म्हणू शकते.

मी कुठपर्यंत येऊ शकतो ते सांगतो. फक्त चार वर्षांची पदवी आणि नव्या कायद्याखाली नोंदणी असलेले. आधी छोटी यादी: ॲलर्जीचे साधे थेंब, कोरडेपणाचे थेंब, खरचटल्यावरचं अँटिबायोटिक मलम. स्टेरॉइड नाही. बुबुळावर पांढरा डाग दिसला तर एकही थेंब न घालता पाठवायचं, कारण अर्धवट औषध घातलं की खरवडून काही सापडत नाही. आणि पाठवताना चिठ्ठीवर किती वाजता लागलं, काय घातलं, ते लिहायचं. एवढं लिहून आलेला पेशंट मला आजवर कोणी पाठवलेला नाही.

शिकवायला कोण? तर मी. माझ्या ओपीडीत आठवड्याला दोन सकाळ. तुमच्या त्या सरांसारखं.

---

स्लिटलॅम्प_२१

बी.ऑप्टम तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला औषधशास्त्राचा पेपर आहे, मला त्यात चांगले मार्क आहेत. ब्रिमोनिडिन हा काचबिंदूचा थेंब तान्ह्या बाळाला देऊ नये, श्वास थांबू शकतो, हे मला पाठ आहे. पण आजपर्यंत एकाही पेशंटला औषधाने बरं होताना मी शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. आम्ही नंबर काढतो, दाब मोजतो, फाइल पुढे जाते. पुढे काय झालं ते कळतच नाही. निळीशाई ताई, अधिकार मिळेल तेव्हा मिळेल, मी आत्ता काय करू शकतो?

---

निळीशाई

उंबरठा सर, तुमच्या प्रतिसादाला काय लिहू सुचत नाही. "शिकवायला कोण? तर मी" हे चार शब्द माझ्यासाठी या धाग्याचं सार्थक आहेत. यादीबद्दल एकच सुचवते: हर्पीस ओळखायला मात्र यादीबाहेर असलं तरी शिकवा. औषध न देता पाठवायचं असलं तरी काय पाठवतोय ते माहीत असावं, नाहीतर वाटेतल्या मेडिकलमधून कॉम्बिनेशन पडतंच. (मेडिकलवाला दादा, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही जे केलंत ते फार मोठं आहे.)

स्लिटलॅम्प, एक वही घे. तू दाब मोजलेला, डाग पाहिलेला प्रत्येक पेशंट तारखेसह त्यात लिही, नाव नको, केस नंबर पुरे. मला काय वाटलं, मी काय दिलं असतं, परत कधी बोलावलं असतं. मग तुमच्या डॉक्टरांनी काय केलं ते फाइलमधून बघून शेजारी लिही. आठवड्यातून एकदा त्यांच्या दारात उभी राहा आणि जिथे दोन्ही जुळत नाही तेवढंच विचार. पहिल्या महिन्यात बहुतेक काहीच जुळणार नाही. माझ्या चोवीस सत्रांची वही अजून आहे, पहिल्या चार पानांवर लाल शाईच जास्त आहे. मुलगा असशील तर "उभा राहा" असं वाच.

---

स्लिटलॅम्प_२१

मुलगीच आहे ताई. वही घेतली. आज तीन लिहिले. पहिल्याच केसला मी आठवड्याने बोलावलं असतं, सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलंय. का, ते सोमवारी विचारणार आहे.

---

मंजिरी_ल

आमची तारीख येत्या गुरुवारी आहे. घालत असलेल्या सगळ्या बाटल्या, जुन्या रिकाम्या पण, एका पिशवीत भरून ठेवल्यात. घाटवळण, तो डोळ्याचा कोपरा दाबायचा प्रकार मुलाला शिकवला. आता स्वतःच घड्याळ लावून दोन मिनिटं दाबतो आणि मला बोलू देत नाही मधे.